मध्यस्थाचा मुलगा

मी घर सोडलं ते संत्र्याच्या ट्रकमधून. यात काव्य शोधू नये. बाबांचा माल त्या दिवशी दिल्लीला निघाला होता, ट्रक सौंसरहून पांढुर्ण्यावरूनच जाणार होता आणि जबलपूरला जायची माझी गाडी पांढुर्ण्याहून होती. एका दिशेला दोन वाहनं करणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. केबिनमध्ये ड्रायव्हर, बाबा, मी आणि माझी वळकटी. रस्ताभर बाबा मालाच्या काळजीत होते, म्हणजे मागच्या मालाच्या. आईनं निघताना सांगितलं होतं, "पोचल्यावर फोन करजो. नुसतं पोचून बसू नको." बाबांनी आपलं सांगणं प्लॅटफॉर्मपर्यंत राखून ठेवलं. गाडी दिसायला लागल्यावर म्हणाले, "तिथं गेल्या गेल्या बोलू नको. पहिले पाहून घे, मंग तोंड उघड." मग ट्रकला उशीर होतो म्हणून गाडी सुटायच्या आतच ते वळून गेले. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज वाटतं, नाशवंत मालाच्या बाबतीत ते योग्य क्रम लावत होते.

तुम्ही जे सौंसरातच राहिलात त्यांना बाबांचा धंदा सांगायची गरज नाही. पण जे माझ्यासारखे निघून गेले, आणि ज्यांची मुलं आता संत्रं डब्यातल्या रसावरून ओळखतात, त्यांच्यासाठी सांगतो. बाबा संत्र्याचे व्यापारी. रामाकोना, मोहगाव, इकडे जामसांवलीच्या वाटेवरचे बगीचे. झाडावर फळ असतानाच ते अख्खा बहार विकत घ्यायचे. तोडणीची माणसं त्यांची, माल भरायचे कॅरेट त्यांचे, ट्रक त्यांनी ठरवलेला. सौदा झाल्यापासून गारपीट झाली, भाव पडला, ट्रक अडकला, तर ते त्यांचं नशीब. सौदा तोंडी. कागद केला तर तो सौदा नव्हे, भांडणाची तयारी, असं आमच्याकडे मानतात. बाबा फार सज्जन होते असं मी म्हणणार नाही. भाव पाडताना त्यांना मी असं काही बोलताना ऐकलंय, की झाडाला समजलं असतं तर ते वाळलं असतं. पण एकदा हो म्हटल्यावर ते फिरले नाहीत. त्यांच्याकडे भांडवल म्हणावं असं तेवढंच होतं.

मी जबलपूरला शिकलो, हरियाणात फळप्रक्रियेच्या कारखान्यात बरीच वर्षं राबलो, गुजरातेत आणखी काही. मग गुरुग्रामच्या एका सल्लागार कंपनीनं मला 'इंडस्ट्री एक्स्पर्ट' म्हणून घेतलं. या पदाविषयी थोडं सांगायला हवं, कारण आमच्या आईला अजून ते समजलेलं नाही आणि मला ते समजावून सांगण्याइतपत खात्री नाही. सल्लागार कंपनीत दोन जाती असतात. पहिली जात तरुण, तल्लख. तिला कोणताही धंदा पंधरवड्यात समजतो. सोमवारी सिमेंट, पुढच्या महिन्यात विमा. दुसरी जात आमची. आम्हाला एकच गोष्ट येते आणि ती करताना आमचे केस पिकलेले असतात. क्लायंटसमोर आम्हाला योग्य वेळी पुढे करतात, लग्नात मुलीच्या मामाला करतात तसं. मामानं अंतरपाटाशी उभं राहावं. हुंडाबिंडा ठरवायच्या खोलीत त्याचं काम नसतं. माझं वाक्य ठरलेलं असायचं: "माझा जमिनीवरचा अनुभव असा आहे की." त्यानंतर मी काय बोलतो ते कोणी फारसं ऐकत नसे. जमीन या शब्दाचाच त्यांना उपयोग होता.

मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, बागेत किती माल आहे हे कसं ठरवाल? मी बाबांची रीत सांगितली. झाडाच्या बुंध्याशी उभं राहून वर पाहायचं, फांद्यांतून आभाळ किती दिसतं त्यावरून अंदाज करायचा. बाबांचा अंदाज पुष्कळदा चुकायचा आणि मग ते दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत, हे मी सांगितलं नाही. पुढे त्या रीतीला आमच्या कंपनीत एक इंग्रजी नाव मिळालं, तिची एक स्लाइड झाली आणि ती स्लाइड ब्राझीलच्या एका क्लायंटलाही दाखवली गेली. मी बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तिकडं आभाळ दिसते का?"

असंच एकदा त्यांनी विचारलं, "तू तिथं नेमकं करून काय राहिला?"

"सल्ला देतो, बाबा."

"कोणाले?"

"कंपन्यांना."

"त्यायले सोताचं समजत नाही?"

"समजतं. पण दुसऱ्यानं सांगितलं की त्यांच्या वरच्यांना पटतं."

"हां," बाबा म्हणाले. "म्हणजे दलालीच हाय. माल कोण उचलते?"

माल कोणीच उचलत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते त्यांना नक्कीच बेईमानीचं वाटलं असतं.

आमच्या कामात एक चित्र सारखं काढावं लागतं. डावीकडे शेतकरी, उजवीकडे गिऱ्हाईक आणि मधे चौकोन. मधल्या एका चौकोनावर 'मध्यस्थ' असं लिहितात आणि तो लाल रंगवतात. पुढच्या स्लाइडवर तो चौकोन नसतो आणि त्याच्या जागी एक ऐटदार बाण असतो. असे लाल चौकोन मी शेकड्यानं काढले असतील. प्रत्येक वेळी आमचे बाबा त्यात बसलेले आहेत असं मला वाटायचं, असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खरं नाही. बरीच वर्षं मला काहीच वाटलं नाही. पगाराच्या सवयीबरोबर हीही सवय येते.

मग एका फळांच्या मोठ्या कंपनीला आमच्या भागातून थेट शेतकऱ्यांकडून संत्री घ्यायची इच्छा झाली. आमचे पार्टनर, विक्रम, नकाशा पाहत म्हणाले, "ये तो तुम्हारा एरिया है ना? वहाँ पत्थर मारते हैं?"

मी म्हणालो, वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पांढुर्ण्याच्या जत्रेत. उरलेलं वर्ष आम्ही संत्री लावतो.

"परफेक्ट," विक्रम म्हणाले. काम आम्हालाच मिळालं. प्रस्तावात माझ्या जन्मगावाचा उल्लेख तीनदा होता, अनुभवाचा एकदा.

पोळा झाल्यावर सौंसरच्या एका मंगल कार्यालयात शेतकऱ्यांची बैठक ठेवली. दाराशी फ्लेक्स होता: 'सौंसरचे सुपुत्र, आंतरराष्ट्रीय संत्रा तज्ज्ञ'. फोटोत मी चष्मा हातात धरून दूर कुठेतरी पाहत होतो. बहुधा लाल चौकोनाकडे. शाल दिली, नारळ दिला. दीपप्रज्वलनाला वाऱ्यानं तीन वेळा नकार दिला. बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. मी पडद्यावर स्लाइड दाखवत थेट खरेदीचे फायदे सांगितले. बोलून झाल्यावर रामाकोन्याचे धनराजकाका उठले. बाबा त्यांचा बहार इतकी वर्षं घेत होते की दोघांत भाव ठरवणं ही एक करमणूक उरली होती.

धनराजकाका म्हणाले, "भाऊ, तुह्या सिनेमात व्यापारी दिसलाच नाही. मंग हे तिसऱ्या लाइनीत कोण बसून राहिलं?"

सगळे हसले. विक्रमही हसले, न समजता. बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "मी पोराच्या सत्काराले आलो, धनराज. सौद्याले नाही आलो. तू तुह्यं पाय."

"पोरगा तुमचाच हाय म्हणून इचारून राहिलो. सही करू का?"

सगळं सभागृह बाबांकडे पाहू लागलं. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी नको म्हटलं असतं तर त्या दिवशी एकही सही झाली नसती, आणि माझी नोकरी तिथेच फ्लेक्सखाली संपली असती. ते म्हणाले, "शिकलेला हाय. पाहूनच बोलत असन."

सह्या झाल्या. रामाकोन्यातले बहुतेक बगीचे कंपनीकडे गेले. त्या हंगामात बाबांनी तोडणीच्या माणसांना दुसरीकडे काम पाहायला सांगितलं आणि कॅरेट मागच्या खोलीत रचून ठेवले. मला फोनवर म्हणाले, जरा आराम होते. बाबा आराम हा शब्द आजारी माणसासाठी वापरतात.

आता करारातली गोष्ट. आमच्याकडे बहार विकला तरी बगीच्यातली दोन-चार झाडं मालकाची राहतात. त्यांना घरची झाडं म्हणतात. त्यांचं फळ लेकीकडे जातं, शेजारी जातं, जामसांवलीच्या हनुमानाला जातं, येत्या-जात्याच्या हातावर पडतं. ती कोणती हे मालक ठरवतो, आणि बहुधा सगळ्यात चांगलीच ठरवतो. व्यापाऱ्यानं त्या झाडांखालून जाताना वर पाहायचं नाही, अशी रीत आहे. आणि ही गोष्ट सौद्यात कोणी बोलत नाही. बोलणं म्हणजे समोरचा इतका हलका आहे, की सांगितल्याशिवाय तो दोन झाडं सोडणार नाही, असं म्हणणं. म्हणून त्या सभागृहात कोणीही विचारलं नाही. जगनभाऊच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, पोराला घरच्या झाडांबद्दल कोण विचारेल?

करारात 'बगीच्यातील संपूर्ण फळ' असं होतं. मी मसुद्यावर टीप लिहिली, की इथे घरची झाडं वगळा. विक्रम म्हणाले, अपवाद ठेवला तर मॉडेल स्केल होत नाही. मी पुन्हा सविस्तर ईमेल लिहिली. तिचं उत्तर आलं, 'ग्रेट इनसाइट', आणि माझी टीप अपेंडिक्समध्ये गेली. अपेंडिक्स म्हणजे शरीरातला तो अवयव, जो दुखल्याशिवाय कोणाला आठवत नाही.

दिवाळीनंतर दुखला. कंपनीची मुलं मोबाइल घेऊन झाड न् झाड मोजत आणि फोटो काढत फिरत होती. धनराजकाकांच्या बगीच्यात बांधाकडची काही झाडं रिकामी दिसली. विचारलं तर काकांनी मोकळेपणानं सांगितलं: लेक आली होती, तिच्यासंगं धाडली, थोडी देवाला. त्यांना वाटलं पाहुण्यानं चौकशी केली. वर त्यांनी त्या पोरांच्या पिशवीतही चार फळं घातली. आठवड्यानं काकांना कंपनीचा मेसेज आला, की त्यांनी माल परस्पर बाहेर दिला आहे, सबब करार रद्द. निम्मी तोडणी झाली होती. उरलेलं फळ झाडावर, पिकून साल सुटायला लागलेलं. संत्रं त्या टप्प्यावर आलं की थांबत नाही. रोज सकाळी झाडाखाली सडा दिसतो. दुसरे व्यापारी तोपर्यंत आपापला माल घेऊन निघून गेले होते.

मी विक्रमना फोन केला, क्लायंटला केला. क्लायंटचा माणूस फार सौजन्यानं बोलला. म्हणाला, तुमच्याच स्लाइडवर मालाची बाहेर होणारी गळती शून्य करायचं लिहिलं आहे. लिहिलं होतं.

आईनं कळवलं, की बाबांनी माणसं गोळा केली आहेत आणि ते रामाकोन्याला निघालेत. मी नागपूरला उतरून थेट बगीच्यात गेलो. बाबा आणि धनराजकाका झाडांच्या ओळीत उभे होते. मी आलो हे दोघांनी पाहिलं आणि बोलणं चालू ठेवलं.

"जगनभाऊ, मी कोणत्या तोंडानं तुमाले सांगू," काका म्हणत होते.

"तोंडाचं राहू दे. माल पाहू दे."

"अर्धा त खाली हाय."

"दिसून राहिला. आंधळा नाही झालो अजून."

"हा माल दिल्लीले पोचन का?"

"नाही पोचला त मी पाहीन. तू कायले ट्रकात बसून राहिला?"

काकांनी पायाशी पडलेलं एक फळ उचलून बांधाकडे टाकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कंपनीले कोण ओळखते, भाऊ. सही मी कागदावर नाही केली. तुमच्या पोरावर केली."

"मालूम हाय," बाबा म्हणाले. "म्हणून त आलो."

मी मधे म्हणालो, "बाबा, हा तोट्याचा व्यवहार आहे. नुकसानीबद्दल कंपनीशी मी..."

"तू थांब," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. ट्रक मागे घेताना मधे आलेल्या माणसाला सांगावं तसं. मग काकांना म्हणाले, "घरची कोणती ठेवली?"

काकांनी बांधाकडे हात केला. त्या झाडांवर शेंड्याला थोडं फळ उरलं होतं. बाबा त्यांच्याखालून पलीकडच्या ओळीत गेले, खाली पाहत. त्यांच्या मागून मी गेलो आणि माझी नजर वर गेली. नुसती सवय. किती फळ आहे याचा अंदाज मी करत होतो. काकांनी ते पाहिलं.

माल दिल्लीला गेला. काही पोचला, काही पोचला असं म्हणता येईल अशा अवस्थेत पोचला. बाबांनी काकांना भाव चांगल्या मालाचा दिला. त्यांच्या उतारवयात एवढा वेडा सौदा त्यांनी केला नसेल. गावात ज्यांना कळायचं त्यांना कळलं, की जगनभाऊनं पोराची भरपाई केली. मी परतफेडीचा विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले, "तुह्या पैशानं घेतला असता त तो तुह्या कंपनीचा सौदा झाला असता." आमच्या कंपनीनं त्या प्रकल्पावर टिपण काढलं. शीर्षकात 'शिकवण' हा शब्द होता. आम्ही काय शिकलो? तर आधी स्थानिक चालीरीतींचा अभ्यास करावा, आणि त्या अभ्यासाचं वेगळं बिल करावं. मी वरच्या पदावर गेलो. व्हिजिटिंग कार्डावर आता 'एक्स्पर्ट'च्या आधी 'सिनियर' आहे.

पुढच्या वर्षी फळांची कंपनी आमच्या भागातून निघून गेली आणि शेतकरी बाबांकडे परत आले. सगळे नाही, पण रामाकोन्याचे आले. हे मला बाबांनी सांगितलं नाही. आईनं सांगितलं, आणि तेही हळू आवाजात.

"तुह्या बाबानं बगीचे घेतले पुन्हा. पण मी सांगितलं असं म्हणू नको."

"का? चांगली गोष्ट आहे ना."

"धनराजभाऊनं अट घातली. म्हणे, जगनभाऊ, माल तुमाले देतो, पण आमच्या सौद्यातलं पोराच्या कानावर घालू नका. त्याच्या कानावर गेलं का ते कागदावर जाते."

"बाबा काय म्हणाले?"

"हो म्हणाले," आई म्हणाली. "दुसरं काय म्हणतीन?"

तुम्हाला माहीत आहे, बाबा एकदा हो म्हटल्यावर फिरत नाहीत. मलाही माहीत आहे. आता मी फोन करतो तेव्हा ते प्रकृतीचं सांगतात, कोणाकडे लग्न आहे ते सांगतात, पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून कोणतं ऑफिस कुठे हललं ते सांगतात. आंबिया बहार कसा फुटला असं विचारलं तर म्हणतात, "हाय ठीक." लहानपणी ज्या माणसानं मला पाणी तोडून ताणावर सोडलेल्या झाडाचं पान हातात देऊन पाणी कधी द्यायचं ते शिकवलं, तो मला आता 'हाय ठीक' सांगतो. सौंसरच्या संत्र्याची खबर मला आमच्याच कंपनीच्या तिमाही अहवालातून मिळते. तो मीच लिहितो.

बाहेर गेलेल्या तुमच्यापैकी काहीजण मला विचारतात, तू तर गावाशी जोडलेला आहेस, तुझं कामच तिकडचं, तुझं बरं आहे. मी हो म्हणतो. तुम्ही गाव सोडलंत आणि त्याला विसरलात. गावानं तुम्हाला माफ केलं असेल, कदाचित विसरलंही असेल. मी गावाचं ज्ञान बरोबर नेलं आणि ते तासाच्या हिशेबानं विकलं. अशा माणसाला गाव विसरत नाही. तो आला की सावरून बसतं.

गेल्या दिवाळीत घरी होतो. सकाळी बाहेरच्या छपरीत बाबा, धनराजकाका आणि रामाकोन्याचे आणखी दोघं बसले होते. मी आतून ऐकत होतो. काका म्हणत होते, औंदा फळ बारीक हाय पण लागलं दाट. बाबा म्हणत होते, दाट तुह्या डोळ्यात हाय, झाडाले नाही. दोघंही मजेत होते. मी बाहेर आलो आणि बोलणं थांबलं. कोणी वाईट वागलं नाही. काकांनी सरकून मला जागा दिली.

"काय म्हणते मग दिल्ली?" काका म्हणाले. "थंडी पडली का?"

"पडायला लागली," मी म्हणालो.

"धुवा लय असते म्हणते तिथं."

"असतो."

"हां," काका म्हणाले. मग सगळ्यांनी थोडा वेळ दिल्लीच्या धुराचा विचार केला.

बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "आत चहाचं सांग बरं, बाबू."

मी उठून आत गेलो. चहा आईनं आधीच चढवला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, पाट पुढे सरकवला आणि म्हणाली, "बस इथंच. मी नेते त्यायले."

मी बसलो. तिनं ट्रे उचलला, बाहेर गेली आणि मागे दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं पलीकडे कोणीतरी हसलं आणि भाव पुन्हा सुरू झाला.